पहिलं बाळंतपण माहेरी

पुणे, २० डिसेंबर २०२५

मा. डॉ. एस. जयशंकर,
परराष्ट्रमंत्री, भारत सरकार,
नवी दिल्ली यांस



माझ्या नातीचा जन्म ऑगस्ट २०१३ मधला, पुण्याचा. तिच्या जन्मदाखल्यावर पुणे महानगरपालिकेचा शिक्का आहे, आणि तो तिथे आहे याला कारण मी. मुलगी तेव्हा न्यू जर्सीत होती, लग्नाला वर्षभर होत आलं होतं. दिवस गेल्याचं तिनं फोनवर सांगितलं तेव्हा मी क्षणभरही विचार न करता म्हटलं, "पहिलं बाळंतपण माहेरी. विमानात बसू देतायत तोवर ये." माझ्या आईनं मला तसं म्हटलं होतं, तिच्या आईनं तिला. ती आली. सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं, बाळ झालं, सव्वा महिना शेक-शेगडी झाली, बारसं झालं. मग पासपोर्टासाठी बाळाचा फोटो. डोळे उघडे हवेत आणि तोंड मिटलेलं हवं. कोथरूडच्या एका स्टुडिओत आम्ही दोघी तासभर खुळखुळा वाजवत होतो. पुढे वांद्रे-कुर्ला संकुलातली अमेरिकन वकिलात, पासपोर्टावर एच-फोर, म्हणजे बापाच्या व्हिसावर अवलंबून असलेला व्हिसा, आणि तीन महिन्यांचं बाळ घेऊन मुलगी परत गेली.

त्या वेळी आमच्या घरात कुणाच्याही मनाला शिवलं नाही की मी बोललेल्या त्या वाक्यानं नातीचं एकविसाव्या वर्षानंतरचं आयुष्य ठरवून टाकलं आहे. तिकडे न्यू जर्सीत, एडिसनच्या एखाद्या इस्पितळात जन्मली असती तर ती जन्मतः अमेरिकेची नागरिक झाली असती. आज ती बारा वर्षांची आहे. तीन महिन्यांची असल्यापासून तिथेच वाढली, तिथल्या शाळेत सातवीत आहे, माझ्याशी मराठी बोलताना शब्द अडला की आईकडे बघते. बापाचा ग्रीन कार्डाचा, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्याचा, नंबर तोवर लागला नाही, तर ऑगस्ट २०३४ मध्ये एकवीस पूर्ण झाल्यावर तिचा एच-फोर संपेल. मग विद्यार्थी व्हिसावर परदेशी मुलांची फी भरून शिकायचं, नाहीतर ज्या देशात ती सुट्टीपुरती येते त्या देशात परतायचं. अशी आईवडिलांच्या व्हिसावर वाढलेली मुलं अमेरिकेत दोन लाखांहून अधिक असल्याचा अंदाज आहे, आणि त्यांतली पुष्कळ भारतीय आहेत.

साहेब, मी माझ्या घरच्यांसाठी काही मागायला हे पत्र लिहीत नाही. तीस वर्षं शाळेत शिकवून निवृत्त झालेली बाई आहे मी. कुणाचा व्हिसा कुणाच्या हातात असतो एवढं मला कळतं. मला एक गोष्ट तुमच्या कानांवर घालायची आहे, जी वाटाघाटींच्या टेबलावर येत नाही, कारण ती मोजता येत नाही. किती व्हिसा दिले, किती डॉलर मायदेशी आले, किती इंजिनिअर गेले, हे सगळं मोजलं जातं. कायद्यानं कुणाच्या घरी मूल होऊ दिलं नाही, कुणाला घाईनं व्हायला लावलं, कुणाच्या दोन भावंडांत रेघ ओढली, याची नोंद ठेवणारं खातं कुठल्याच सरकारात नाही. ती नोंद आयांच्या मनात असते.

तुम्हाला यातलं सगळं माझ्याहून अधिक ठाऊक आहे, पण हे पत्र इतर लोकही वाचतील म्हणून ग्रीन कार्डाच्या रांगेबद्दल सांगते. एच-वन-बी हा नोकरीचा तात्पुरता परवाना. तो मिळणाऱ्यांत सत्तर टक्क्यांहून अधिक भारतीय असतात. तीन आणि तीन अशी सहा वर्षं. कंपनीनं ग्रीन कार्डासाठी केलेली मागणी मंजूर झाली असेल तर नंबर लागेपर्यंत मुदतवाढ मिळत राहते. नोकरीच्या आधारावर अमेरिका वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डं देते आणि बायका-मुलं त्यातच धरली जातात. १९९०च्या कायद्याप्रमाणे कोणत्याही एका देशाच्या वाट्याला साधारण सात टक्क्यांहून अधिक जात नाहीत. चार लाख वस्तीच्या आइसलँडला जी मर्यादा, तीच आपल्याला. वॉशिंग्टनच्या केटो इन्स्टिट्यूटनं २०२३ मध्ये हिशेब मांडला तेव्हा या रांगेत अकरा लाखांच्या आसपास भारतीय होते आणि नव्यानं शेवटी उभं राहणाऱ्याची वाट १३४ वर्षांची होती.

यात देश धरतात तो जन्माचा. पासपोर्ट कुठला, याला महत्त्व नाही. मुलीच्या शेजारी रत्नागिरीकडचं एक जोडपं राहायचं. बायकोचे वडील मस्कतला नोकरीला होते, तिचा जन्म तिथला. त्यामुळे तिची गणती ओमानच्या रांगेत झाली, आणि तिच्यामुळे नवऱ्याचीही. दोन-अडीच वर्षांत दोघांच्या हातात ग्रीन कार्ड. चाळीस वर्षांपूर्वी एका कोकणी बाईनं बाळंतपणाला माहेरी न येता मस्कतलाच राहायचं ठरवलं, आणि तिच्या लेकीचं आयुष्य सोपं झालं. हे मला मुलीनं सहज गप्पांच्या ओघात सांगितलं. त्यानंतर मला बरेच दिवस झोप लागली नाही.

जावयाची प्रायॉरिटी डेट, म्हणजे रांगेत उभं राहिल्याची तारीख, मार्च २०१५ची. दर महिन्याला अमेरिकेचं परराष्ट्र खातं व्हिसा बुलेटिन काढतं. कुणाच्या तारखेपर्यंत नंबर आला ते त्यात असतं. आमच्या पिढीच्या बायका पंचांगात एकादशी-चतुर्थी बघतात, मी त्याच्या जोडीला हे बघते. भारत, ईबी-टू (हा जावयाचा गट), हा रकाना. डिसेंबर २०२५च्या बुलेटिनात तिथे २०१३चं साल आहे.

मूल आणि कागद यांची गाठ कशी बसते, ते घरातल्या घरात सांगते. मुलगी आर्किटेक्ट. २०१२ मध्ये एच-फोरवर गेली. या व्हिसावर राहता येतं, नोकरी करता येत नाही. सकाळी नवरा गेला की सातशे चौरस फुटांचं अपार्टमेंट, खाली बर्फ, गाडी एकच. सगळे काय म्हणायचे? "नाहीतरी घरीच आहेस, मूल उरकून घे." सासरचे म्हणाले, मीही म्हणाले. तिच्या ओळखीतल्या कितीतरी मुलींना पहिलं मूल याच काळात झालं. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, लग्न झालं, संसार थाटला, मूल झालं, सगळं वेळच्या वेळी. वेळ ठरवली होती ती परवान्यानं. करायला दुसरं काही दिलंच नव्हतं, म्हणून आई व्हायचं होतं. नातीवर आमचा सगळ्यांचा जीव आहे. पण माझ्या मुलीनं ते वर्ष निवडलं होतं असं मी म्हणणार नाही.

मग २६ मे २०१५ पासून नियम बदलला. नवऱ्याची ग्रीन कार्डाची मागणी मंजूर झालेली असेल तर एच-फोरवाल्या बायकोला कामाचा परवाना मिळू लागला. मुलीच्या परवान्याचं कार्ड २०१६ मध्ये आलं. एका छोट्या फर्ममध्ये ड्रॉइंगं काढायला लागली तेव्हा तिच्या आवाजातली धार मला फोनवर पुन्हा ऐकू आली. इथल्या कॉलेजात असताना होती तशी. नात तीन वर्षांची झाली होती, दुसऱ्याचा विचार करायला बरी वेळ. पण २०१७ मध्ये तिथलं सरकार बदललं आणि हा परवाना रद्द करणार असं जाहीर झालं. दर सहा महिन्यांनी नवी तारीख, नवी अफवा. तो प्रस्ताव शेवटी जानेवारी २०२१ मध्ये मागे घेतला गेला, नियम आजही जिवंत आहे. पण ती चार वर्षं? "आई, परवाना कधीही जाईल. जाईपर्यंत जेवढं काम करता येईल तेवढं करू दे. आता बाळंतपणासाठी सुटी घेतली आणि मधेच परवाना गेला, तर मी पुन्हा उभी राहणार नाही." रद्द न झालेल्या नियमानं माझ्या मुलीच्या वयाची एकतीस ते पस्तीस ही वर्षं नेली. न्यायालयात दाद मागायची तर कशाविरुद्ध मागायची? कुणी काही काढून घेतलंच नव्हतं.

सप्टेंबर २०२२. बुलेटिनच्या रकान्यात १ डिसेंबर २०१४ ही तारीख आली. आमची मार्च २०१५. तीन महिन्यांचं अंतर! जावयानं वैद्यकीय तपासणीची चौकशी केली, कागद काढून ठेवले. मुलगी छत्तीस वर्षांची होती. ग्रीन कार्ड हातात आलं की लगेच दुसरं, असं दोघांचं ठरलं आणि तिनं मला ते सांगितलंही. माझी जुनी नऊवारी नारायणपेठी होती, धुऊन धुऊन लोण्यासारखी झालेली. तिचं दुपटं शिवायला घेतलं. ऑक्टोबरचं बुलेटिन आलं तेव्हा तारीख होती १ एप्रिल २०१२. डिसेंबरमध्ये आणखी मागे, पुढच्या वर्षी थेट जानेवारी २०११. जगात रांगा पुष्कळ आहेत; आम्ही रेशनच्या, रॉकेलच्या रांगा बघितल्या. पण आपल्या पुढे तीन माणसं उरली असताना अचानक चार हजार माणसं होतात, अशी रांग मी दुसरी बघितलेली नाही. याला त्यांच्या भाषेत रेट्रोग्रेशन म्हणतात. त्या वर्षीचा कोटा भरला की ते तारीख मागे सारतात. कुणाची चूक नसते.

जानेवारी २०२३ मध्ये जावयाची नोकरी गेली. त्या हिवाळ्यात तिथल्या मोठमोठ्या कंपन्यांनी हजारोंनी माणसं काढली, त्यात हा एक. एच-वन-बीवरच्या माणसाची नोकरी गेली की साठ दिवस मिळतात. तेवढ्यात दुसरी कंपनी पाहिजे, नाहीतर देश सोडायचा. आणि बापाचा व्हिसा संपला की बायकोचा परवानाही संपतो, मुलीची शाळाही. एक्कावन्नाव्या दिवशी त्याला नोकरी मिळाली. त्या एक्कावन्न दिवसांत तो एकदा मला म्हणाला, "आई, बरं झालं बाळ नाही." आरोग्यविमा नोकरीला बांधलेला असतो, तिथलं बाळंतपण विम्याविना करणं म्हणजे कर्जात बुडणं. तो बोलला ते खरंच होतं. पण जो मुलगा बारशाला पाळण्याची दोरी सोडायला तयार नव्हता, त्याच्या तोंडून ते ऐकताना मी फोन हातात घेऊन नुसती उभी राहिले.

यातूनही ते पुन्हा उभे राहिले. २०२४च्या दिवाळीत मुलगी म्हणाली, "आता कार्डाची वाट बघणार नाही. अडतीस झाले मी." डॉक्टरांकडे जाऊ लागली, तपासण्या झाल्या. उपचार फेब्रुवारीत सुरू व्हायचे होते.

२० जानेवारी २०२५ला नव्या राष्ट्राध्यक्षांनी पहिल्याच दिवशी आदेश काढला. तीस दिवसांनंतर अमेरिकेत जन्मणाऱ्या ज्या मुलाची आई तिथे बेकायदा किंवा तात्पुरत्या व्हिसावर असेल, आणि बाप नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला नसेल, त्याला सरकार नागरिक मानणार नाही. आपल्याकडे बऱ्याच लोकांचा समज झाला की हे सीमा ओलांडून चोरून आलेल्यांसाठी आहे. तसं नव्हतं. कर भरणारी, पगाराच्या पावत्या जपून ठेवणारी एच-वन-बीवरची जोडपी त्यात शब्दशः येत होती. त्या आठवड्यात इथल्या वृत्तपत्रांत बातम्या आल्या: मुदतीच्या आत सिझेरियन करून द्या म्हणून भारतीय जोडपी तिथल्या डॉक्टरांकडे विचारणा करत होती, त्यांत सातव्या-आठव्या महिन्यातल्या बायकाही होत्या. त्यावर इथे पुष्कळ लोकांनी नावं ठेवली. पासपोर्टासाठी पोटच्या पोराचा जीव धोक्यात घालतात, असं बोलले. सातवा महिना म्हणजे आपल्याकडे डोहाळजेवणाचा महिना. फुलांची वाडी भरायची, धनुष्यबाण हातात द्यायचा, पेढा की बर्फी विचारायचं. त्या महिन्यात एखादी बाई ऑपरेशनची तारीख मागायला जाते तेव्हा तिच्या मनात काय चाललं असेल, हा प्रश्न नावं ठेवणाऱ्यांना पडला नाही याचं मला फार वाईट वाटलं.

तिची भीती पासपोर्टाची नव्हती. मुलीनं मला नीट समजावून सांगितलं. व्हिसा बाहेरून येणाऱ्याला देतात. जे मूल कुठूनच आलेलं नाही, तिथेच जन्मलं आहे, त्याला कुठला व्हिसा? इस्पितळातून घरी नेताना त्याच्या हातात कोणता कागद असणार? ते जन्माच्या पहिल्याच दिवसापासून बेकायदा ठरणार का? आदेशात याचं उत्तर नव्हतं. सिएटलच्या न्यायाधीशांनी तीनच दिवसांत, २३ जानेवारीला, आदेश थांबवला. २७ जूनला सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, खालच्या न्यायालयांनी असे देशभर लागू होणारे मनाई हुकूम देऊ नयेत. १० जुलैला न्यू हॅम्पशायरच्या न्यायाधीशांनी सगळ्या बाळांचा एक वर्ग धरून पुन्हा संरक्षण दिलं. या ५ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयानं मूळ प्रश्नच सुनावणीला घेतला आहे. बाळ नऊ महिन्यांत होतं. या अकरा महिन्यांत चार वेळा जमीन हलली. फेब्रुवारीतली डॉक्टरांची अपॉइंटमेंट मुलीनं पुढे ढकलली, मग रद्द केली. आता ती एकोणचाळीसची आहे. या दिवाळीला म्हणाली, "आई, विषय बंद."

मध्यंतरी सप्टेंबरमध्ये, सर्वपित्रीच्या आदल्या दिवशी, नव्या एच-वन-बीला एक लाख डॉलर शुल्काची बातमी आली आणि इथे आलेली मुलं मिळेल त्या विमानानं परत धावली. गेल्या आठवड्यापासून मुंबई-हैदराबादच्या वकिलातींतल्या व्हिसा-स्टॅम्पिंगच्या तारखा महिनोन्‌महिने पुढे गेल्यामुळे लग्नकार्याला आलेली माणसं इथेच अडकली आहेत. त्यांतल्या काहींची मुलं तिकडे शेजाऱ्यांकडे आहेत. ही उलथापालथ तुमच्या कार्यालयाला माझ्याहून जास्त दिसत असेल. मी त्यात शिरत नाही.

एका आरोपाबद्दल मात्र बोलायला हवं, कारण तो आपल्याकडचे सुशिक्षितही करतात. म्हणे ही माणसं नागरिकत्वासाठी मुलं जन्माला घालतात. अमेरिकन मूल स्वतः एकवीस वर्षांचं होईपर्यंत आईबापांसाठी अर्ज करू शकत नाही. त्याच्या जन्मानं बापाची तारीख एका दिवसानंही पुढे सरकत नाही. शिवाय जर्मनीत याची एक परीक्षा होऊन गेली आहे. तिथे १ जानेवारी २००० पासून, आईबापांपैकी एक जण आठ वर्षं कायदेशीर राहिलेला असेल तर तिथे जन्मलेल्या मुलाला जर्मन नागरिकत्व मिळू लागलं. तीन अर्थशास्त्रज्ञांनी या बदलाचा अभ्यास करून २०१४ मध्ये निष्कर्ष मांडले. जन्मसिद्ध हक्क मिळाल्यावर स्थलांतरित कुटुंबांत मुलांची संख्या वाढली नाही, कमी झाली, आणि जन्मलेल्या मुलांची तब्येत आणि मनःस्थिती सुधारली. मला याचं आश्चर्य वाटलं नाही. वर्गात मी हेच बघितलं आहे. ज्या आईला पोराचा उद्याचा दिवस पक्का दिसतो, ती आहे त्याच्यावर जीव लावते.

शंभर वर्षांपूर्वी आपलीच माणसं याच पेचात होती. कॅलिफोर्नियाच्या इम्पिरियल व्हॅलीत पंजाबी शेतकरी पोचले. १९१३च्या कायद्यानं त्यांना जमीन घेता येईना, १९१७च्या कायद्यानं गावाकडून बायका आणता येईनात, आणि १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात न्यायालयानं सांगितलं की भारतीयांना नागरिक होता येणार नाही. त्यांतल्या अनेकांनी मेक्सिकन बायकांशी लग्नं केली आणि तिथे जन्मलेल्या मुलांच्या नावावर जमिनी घेतल्या. पाळण्यातल्या पोराच्या नावावर सातबारा! ते पोर नागरिक होतं, कारण १८९८ मध्ये वाँग किम आर्क या सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या चिनी आईबापांच्या मुलानं आपला हक्क सर्वोच्च न्यायालयात सिद्ध केला होता. आज तोच निकाल पणाला लागला आहे. तो फिरला तर पहिला फटका आपल्या कुटुंबांना बसणार.

आता मला जे लिहायचं आहे ते लिहिणं कठीण जातं आहे, पण ते टाळलं तर बाकीचं पत्र खोटं ठरेल. अमेरिकेनं जे सोडू नये असं आपण म्हणतो, ते आपण कधीच सोडलेलं आहे. १९५५च्या कायद्यानं भारतात जन्मलेलं मूल भारतीय होतं. १ जुलै १९८७ पासून आईबापांपैकी एक भारतीय असण्याची अट आली. ३ डिसेंबर २००४ पासून एक भारतीय हवा आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नको, अशी अट झाली. मी नागरिकशास्त्र शिकवलं, हे सनावळीसकट पाठ होतं. तरी ते मला दिसलं नव्हतं.

आमच्या सोसायटीच्या नेपाळी वॉचमनची मुलगी माझ्या वर्गात होती. जन्म पुण्याचा, ससूनचा. वक्तृत्वात बक्षिसं मिळवायची. तिचं मराठी माझ्या नातीच्या मराठीपेक्षा कितीतरी सरस. दहावीनंतर डिप्लोमाच्या प्रवेशाला वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र मागितलं. तिला ते मिळणं शक्यच नव्हतं. ती माझ्याकडे आली, मी दोन ठिकाणी फोन केले, आणि "बघू या" म्हणून सोडून दिलं. सोडून दिलं, हेच खरं. तिनं पार्लरचा कोर्स केला. न्यू जर्सीतल्या माझ्या नातीसाठी जो न्याय मी आज मागते आहे, तो माझ्या दारातल्या मुलीला मिळत नव्हता तेव्हा माझी झोप उडाली नव्हती.

म्हणून तुमच्याकडे जे मागायचं ते दोन्ही बाजूंनी मागते. अमेरिकेचा कायदा अमेरिकेची संसद करणार, हे मला मान्य आहे. पण या वर्षी तुम्ही त्यांच्याशी व्यापार कराराची बोलणी करत आहात, आणि त्यात आपल्या कुशल मनुष्यबळाची ये-जा हा विषय निघतोच. तो निघेल तेव्हा माणसांबरोबर त्यांच्या घरांचंही नाव घ्या. आईवडिलांच्या व्हिसावर वाढलेल्या मुलांना एकविसाव्या वर्षी रांगेतून काढू नका, हे सरकारनं सरकारला स्वच्छ शब्दांत सांगितलं पाहिजे. आजवर ते त्या मुलांनी स्वतः, शाळा-कॉलेज सांभाळून, तिथल्या खासदारांचे उंबरे झिजवून सांगितलं आहे.

दुसरी गोष्ट पूर्णपणे आपल्या हातातली आहे. परदेशात जन्मलेल्या मुलाची भारतीय म्हणून नोंद आपल्या वकिलातीत जन्मापासून वर्षाच्या आत करावी लागते, आणि त्याच्याकडे दुसऱ्या देशाचा पासपोर्ट नाही असं आईबापांना लिहून द्यावं लागतं. वर्ष उलटलं की केंद्र सरकारची खास परवानगी. ज्या बाळाचं अमेरिकन नागरिकत्व न्यायालयात लोंबकळतं आहे, त्याच्या आईबापांनी त्या वर्षात काय करायचं? नोंद करावी तर तिकडचा हक्क सोडल्यासारखं होईल का ही धास्ती, न करावी तर वर्ष सरतं. अशा मुलांसाठी ही मुदत आपोआप वाढेल असा आदेश तुमचं आणि गृह खातं मिळून काढू शकतं. त्याला अमेरिकेची संमती लागत नाही. न्यायालयाचा निकाल काहीही लागो, एकही मूल दोन देशांच्या मधल्या फटीत पडणार नाही, एवढी हमी त्या बायकांना आज हवी आहे. माझ्या मुलीला ती दहा महिन्यांपूर्वी मिळाली असती तर तिनं काय केलं असतं, मला माहीत नाही. निदान तिनं ठरवलं असतं.

आणि आपल्या घरातलं. इथे जन्मून, इथेच शिकून मोठ्या झालेल्या मुलांना नागरिकत्वाकडे नेणारी एखादी वाट आपल्या कायद्यात असावी, हे तुमच्या खात्याचं काम नाही हे मी जाणते. पण तुम्ही मंत्रिमंडळात बसता.

ती नेपाळी मुलगी आता चोवीस वर्षांची आहे. तिचा नवराही नेपाळचाच, इथे बाणेरला एका हॉटेलात स्वयंपाकी आहे. गेल्या रविवारी ती भेटायला आली होती, पाचवा महिना लागला आहे. चहा घेताना म्हणाली, "बाई, आई म्हणते पहिलं बाळंतपण गावी कर. इथं डॉक्टर चांगले आहेत, हे म्हणतात इथंच. तुम्ही सांगा, कुठं करू?"

मी बारा वर्षांपूर्वी या प्रश्नाचं उत्तर एका दमात दिलं होतं. तिला म्हटलं, दोन दिवस थांब, मला जरा वाचू दे. दुपटं कपाटातून काढलं आणि तिच्या पिशवीत घातलं.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, कर्वेनगर, पुणे